मामय्यांचा वादळस्वार

मामय्या, तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही, आणि लोक तुमच्याबद्दल खोटं बोलायला लागलेत.

परवा समाजातली वडीलधारी मंडळी भेटायला आली होती. सतरंजीवर ओळीनं बसून एकेक जण सांगत होता, "लई शांत माणूस. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई." दुसरे म्हणाले, "माग आणि देव. तिसरं काय ठाऊकच न्हवतं त्यांना." तुमचा मुलगा मान खाली घालून "हो, हो" करत होता. मी आत चहा गाळत होते आणि अत्तम्मा माझ्याजवळ पाटावर बसल्या होत्या. आमची नजरानजर झाली आणि दोघींनी घाईनं तोंडं फिरवली. दुखवट्याच्या घरात सुनेनं आणि सासूनं एकमेकींकडे बघून हसणं बरं दिसत नाही.

माग आणि देव म्हणे! मागाच्या पाठीमागं, सुताच्या पेंड्यांखाली काय असायचं ते कोण सांगणार? तुमचा मुलगा सांगणार नाही, त्याला ऑफिसात जायचं असतं. अत्तम्मांना लिहिता येत नाही. राहिले मी. घरात आपण सगळे तेलुगू बोलणारे, पण माझी शाळा मराठी, त्यामुळे लिहायला बसले की हात मराठीतच जातो. आणि तुमची-माझी सगळी भांडणंही मराठीतच झालीत की.

दुष्काळाच्या आदल्या साली मी बार्शीहून लग्न होऊन भवानी पेठेत आले. निघताना आईनं बजावलं होतं, सासऱ्यांसमोर पदर ढळू द्यायचा नाही, बसायचं नाही, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आईला काय माहीत, तुमच्या घरात सासऱ्यांसमोर बसल्याशिवाय इलाजच नव्हता. बाहेरच्या खोलीत माग आणि मागाशेजारी रहाट. तुम्ही विणायचं, मी रहाटावर सुताच्या कांड्या भरायच्या. मी तुमच्याकडे पाठ करून, नाकापर्यंत पदर ओढून बसायची. दिवसभर नुसतं खटक-खटक. मला वाटायचं, आता जन्मभर हा मागच बोलणार आणि आपण ऐकणार.

एका दुपारी माग थांबला. अत्तम्मा नळावर गेल्या होत्या. तुम्ही खाकरलात आणि एकदम मराठीत म्हणालात, "तुला वाचता येतंय म्हणं."

मी मान हलवली.

"मॅट्रिक हाय म्हणं."

मी परत मान हलवली. तुम्ही सुताची पेंडी बाजूला केलीत आणि खालून एक रंगीत पुस्तक काढून माझ्या दिशेनं सरकवलंत. मला वाटलं, एखादी पोथी असेल. बघते तर कव्हरवर काळ्या मुखवट्याचा एक माणूस घोड्यावरून आगगाडीच्या टपावर उडी टाकतोय! वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'वादळस्वार'. घोड्याचं नाव काजळ.

"ह्ये काय म्हंतंय त्ये वाच," तुम्ही म्हणालात. "चित्रं समदी कळत्यात मला. पण ह्या त्वांडातनं धूर निघतोय, त्यात काय तरी लिवलंय. त्ये कळंना."

तोंडातनं निघणारा तो धूर! संवादाचा फुगा. अजूनही घरात त्याला आम्ही धूरच म्हणतो.

नंतर कळलं, तुम्ही ते पहिलं पुस्तक न्हाव्याच्या दुकानात बघितलं होतं आणि दाढी झाल्यावरही उठला नव्हता. मग पार्क चौकात जुनी मासिकं मांडून बसणाऱ्याकडून तुम्ही एकेक आणत गेलात. शाळेची पायरी कधी चढला नव्हता, हातात मागाचा धोटा आला तो लहानपणीच. वाचता येत नाही म्हणून काय झालं? चित्रं बघून तुम्ही स्वतःच गोष्टी लावल्या होत्या. गल्लीतल्या पोरांना आणि समोरच्या हमीदभाई टेलरला त्या सांगूनही झाल्या होत्या.

आणि तिथंच पहिल्या दिवशी आपलं वाजलं.

मी वाचायला लागले. हिऱ्यांचा एक चोरटा व्यापारी, त्यानं पळवलेला म्हातारा शास्त्रज्ञ, आणि त्या दोघांच्या मागावर वादळस्वार. तुम्ही दोन पानं ऐकलंत आणि हात वर केलात. "थांब. ह्यो काळ्या कोटाचा कोण म्हणालीस?"

"चोर," मी पदराआडून म्हणाले. "हिरे चोरतो."

"चोर कसा आसंल? ह्यो मामा हाय त्येचा. पोरीचं लगीन मोडलं म्हणून रुसलाय. आन् ह्यो म्हातारा सासरा. दोगं मिळून पोरीला दुसरीकडं द्यायला निगाल्यात, म्हणून ह्यो घोड्यावर बसून आलाय."

"तसं लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"लिवणाऱ्याला ठाऊक नसंल. हिऱ्यासाठी कोण येवढं पळतंय? माणूस घरच्यासाठी पळतंय."

मी लग्न होऊन आलेली नवी सून. मी म्हणायला हवं होतं, 'बरं मामय्या.' पण पुस्तकात छापलेलं समोर दिसत असताना माझ्याच्यानं राहवेना. मी म्हणाले, "पण छापलंय ना इथं!" तुम्ही म्हणालात, "मग माझं ऐक, आन् मग तुझं वाच. बगू कुणाचं बरं लागतंय." या घरात मी माझं म्हणून बोललेलं ते पहिलं वाक्य. तेसुद्धा सासऱ्यांशी, तेसुद्धा वाद घालायला.

मग तो रोजचाच रिवाज झाला. पण तुम्ही माग थांबवायला तयार नव्हता, चादर पुरी व्हायची असायची. त्या खटक-खटकीत माझा आवाज तुम्हाला ऐकू यायचा नाही. "मोठ्यांदा! मोठ्यांदा वाच की!" असं करत करत मी किती मोठ्यांदा वाचायला लागले, माझं मलाच कळलं नाही.

एके दिवशी शेजारच्या नरसम्मा नळावर धावत गेल्या आणि अत्तम्मांना म्हणाल्या, "अगं बादली ठेव आणि चल! तुझी नवी सून सासऱ्याच्या जिवावर उठलीय!" अत्तम्मा तशाच धापा टाकत आल्या. दारात येऊन बघतात तर मी रहाटापाशी ताठ होऊन ओरडतेय, "थांब, नराधमा! एक पाऊल पुढे टाकलंस तर प्राणाला मुकशील!" आणि तुम्ही धोटा फेकत फेकत, मान डोलवत, "शाबास! मग? पुढं?"

मला वाटलं, संपलं. आता बार्शीची गाडी. मी पुस्तक टाकून दिलं, पदर ओढला, भिंतीला चिकटले. अत्तम्मांनी जमिनीवरचं पुस्तक उचललं, कव्हरवरच्या माणसाकडे निरखून बघितलं आणि तुम्हाला विचारलं, "हा तोंडझाक्या कोण?"

"लई मोठा माणूस हाय," तुम्ही म्हणालात.

"मोठा आहे तर तोंड का झाकतो?" एवढं बोलून त्या परत नळावर गेल्या. नंबर जाईल म्हणून.

तेव्हापासून अत्तम्मांसाठी तो तोंडझाक्याच राहिला. मला मात्र तुम्ही त्या दिवशी एक गोष्ट सांगितलीत. माग थांबवून, हळू आवाजात. "पदर सारका सावरत वाचू नको. ओळ चुकती." मी पदर खांद्यावर टाकला. पुन्हा तुमच्यासमोर तो डोक्यावर गेला नाही. त्यावर घरात कुणी कधी काही म्हणालं नाही, कारण आधी तुम्ही म्हणून ठेवलं होतं.

किती मजा केली आपण! तीन वाजता हमीदभाई यायचे, गळ्यात टेप तशीच. त्यांना गोष्टीशी फारसं देणंघेणं नव्हतं, त्यांचं सगळं लक्ष वादळस्वाराच्या कपड्यांकडे. "इत्ता तंग कपडा! घोडे पे चढा तो बगल में उसवता नै क्या? सिलाया किसने?" असं ते दर अंकाला विचारायचे. तुम्ही म्हणायचात, "बायको न्हाय त्येला. सोताच शिवत आसंल." मग तुमचा आवडता विषय निघायचा. हा माणूस गुहेत एकटा राहतो. याचे कपडे कोण धुतं? याच्या घोड्याला दाणा कोण टाकतं? सणावाराला याला पुरणपोळी कोण करतं? मी म्हणायची, "मामय्या, तो वीरपुरुष आहे." तुम्ही म्हणायचात, "वीरपुरुषाला भूक लागत न्हाय का?" एकदा एका चित्रात तो टेकडीवर एकटा बसून सूर्यास्त बघत होता, वर धूर नव्हता. तुम्ही ते चित्र खूप वेळ बघत बसलात आणि म्हणालात, "आज अमावास्या आसंल. आईची आठवण आली आसंल त्येला."

पद्मा झाली, ती तर तुमच्या मांडीवरच कॉमिक ऐकत वाढली. तिला दोन्ही गोष्टी पाठ असायच्या, माझी आणि तुमची. कुणी विचारलं की ती आधी विचारायची, "आईची सांगू का ताताची?" आजोबांना ती तेलुगूत ताता म्हणायची. लोक नेहमी ताताचीच मागायचे. मला राग यायचा, अजूनही थोडा आहे.

एकच माणूस या सगळ्याच्या बाहेर होता. तुमचा मुलगा.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मागावर बसावं लागू नये म्हणून तुम्ही त्याला शिकवलंत, तो शिकला, सरकारी ऑफिसात चिकटला. तिथं इस्त्रीचा शर्ट, फायली, साहेब. घरी आला की बाप चित्रांची पुस्तकं मांडून बसलेला आणि बायको शेजारीण घाबरेल एवढ्या आवाजात ओरडतेय. "पोरीला काय शिकवताय तुम्ही?" असं तो मला आत येऊन विचारायचा. बाहेर तुम्हाला विचारायची हिंमत नव्हती.

मग आणीबाणी आली. ऑफिसात सगळे वेळेवर, सगळे ताठ. त्यात घरी सत्यनारायण घातला आणि ह्यांनी साहेबांना बोलावलं. आदल्या दिवशी सगळं घर घासून पुसून लख्ख केलं. मी आणि अत्तम्मा पूजेचं सामान आणायला बाजारात गेलो होतो, तुम्ही सूत आणायला. परत आलो तर मागाच्या पाठीमागची जागा साफ. फरशी दिसत होती.

"रद्दीवाल्याला दिली," हे म्हणाले. "साहेबांनी बघितलं असतं तर काय वाटलं असतं?"

तुम्ही सुताची पेंडी खाली ठेवलीत. मोकळ्या फरशीकडे बघितलंत. ओरडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं म्हणालात, "बरं." आणि मागावर जाऊन बसलात.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. साहेब आलेच नाहीत.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात, मामय्या. तुम्ही मुलाशी बोलणं टाकलंत. भांडण नाही, आदळआपट नाही. एका पंगतीत शेजारी शेजारी बसून जेवायचात आणि मला सांगायचात, "त्याला म्हणावं, मीठ सरकव." मी सांगायच्या आत मीठ सरकलेलं असायचं. मग तुमचा मुलगा मला सांगायचा, "त्यांना विचार, छातीत दुखायचं थांबलं का." तुम्ही मला सांगायचात, "थांबलं म्हणावं." मी भात वाढू की निरोप वाढू? अत्तम्मा वैतागून एकदा म्हणाल्या, "दोघांना दोन तोंडं दिलीत देवानं, आणि वापरतात माझ्या सुनेचं!"

दुपारी माग चालायचा. मी कांड्या भरायची. वाचायला काही नव्हतं. तुम्हाला नवं आणायचं मनच राहिलं नव्हतं. हमीदभाई यायचे, थोडा वेळ बसायचे आणि उठून जायचे. मला पुन्हा ते पहिले दिवस आठवले. तीच खटक-खटक. फरक एवढाच, की आता मला माहीत झालं होतं त्यात काय कमी आहे.

आणि मग एका संध्याकाळी हे ऑफिसातून आले. फुटाणेवाल्याकडून शेंगदाण्याची पुडी घेऊन खात खात आले होते. स्वयंपाकघरात आले, उगाच पाणी प्यायले, उगाच उभे राहिले. मग हातातला चुरगळलेला कागद माझ्यापुढं धरला.

"हा पडतो का गं?"

मी बघितलं. पुडी उलगडलेली. तेलाचे डाग, मिठाचे कण, आणि मध्ये आपला वादळस्वार एका कड्याला एका हातानं लटकलेला. वरचा दोर तुटत आलेला. पान तिथंच संपलं होतं. आपली रद्दी फुटाणेवाल्याकडे पोचली होती!

पुढं काय होतं ते मला तोंडपाठ होतं. पण मी तवा उचलला आणि म्हणाले, "मला नाही आठवत बाई. मामय्यांना विचारा."

ते बराच वेळ तिथंच घुटमळले. मग बाहेर गेले. मी पोळी तव्यावर तशीच टाकून दाराआड उभी राहिले. पोळी करपली, तिचं पुण्य मला लागो. तुम्ही विणत होता. त्यांनी काहीतरी विचारलं, ते मागाच्या आवाजात विरलं. मग त्यांना ओरडावंच लागलं, मी ओरडायची तसं, बापाला आपल्या तेलुगूत हाक मारून.

"नायना! हा पडतो का?"

माग थांबला. तुम्ही कागद हातात घेतलात. चष्मा लावलात. त्या तेलकट तुकड्याकडे असे बघत राहिलात, जसं कुणी परगावहून आलेल्या माणसाकडं बघावं.

"पडत न्हाय," तुम्ही म्हणालात.

"पण दोर तुटतोय ना."

"वर त्येचा पोरगा हाय. त्यानं धरलाय दोर."

"त्याला कुठं मुलगा आहे? लग्नच झालेलं नाही त्याचं."

"मग कुणाच्या जोरावर लटकलाय त्यो?" तुम्ही म्हणालात. आणि कागदाची चुरगळ सरळ करत, "पोरगा लई शिकलेला हाय. बापाची लाज वाटती त्येला कदी कदी. पण दोर सोडत न्हाय."

हे पुढं आले. तुमच्या मागाशेजारी, माझ्या रहाटापाशी, खाली बसले. इस्त्रीच्या पँटसकट जमिनीवर. पुडीत उरलेले दाणे त्यांनी तुमच्यापुढं धरले. तुम्ही दोन उचललेत. मग त्यांनी विचारलं, "बरं, पुढं?"

पुढं काय झालं ते गल्लीला ठाऊक आहे. आमच्या घरानं शेंगदाणे खायला सुरुवात केली. रोज. फुटाणेवाल्याला ह्यांनी सांगून ठेवलं, चित्राच्या कागदातच बांध म्हणून. हमीदभाई नमाजाहून येताना एक पुडी आणायचे. पद्मा रस्त्यात बसून रडायची, पुडी घेतल्याशिवाय उठायची नाही. कुणाच्या पुडीत काजळचं नुसतं शेपूट यायचं, कुणाच्या पुडीत नुसता धूर. आपण सगळे जमिनीवर ते तुकडे जुळवत बसायचो. जिथं तुकडा मिळायचा नाही तिथं तुमची गोष्ट चालून जायची. त्या दिवसांत तुमच्याइतकं सुखी मी कुणाला बघितलं नाही, कारण अर्धी पानं गायब होती आणि कुणी तुम्हाला 'तसं लिहिलेलं नाही' म्हणू शकत नव्हतं.

शेंगदाण्यांचं काय करायचं हा प्रश्न अत्तम्मांनी सोडवला. त्यांनी त्याची चटणी कुटली. एवढी कुटली की शेजारीपाजारी वाटली, नरसम्मांकडे बरणी गेली, बार्शीला माझ्या माहेरी डबा गेला. "तोंडझाक्याची चटणी" म्हणून त्या वाढायच्या. सगळी पुस्तकं काही परत मिळाली नाहीत. पण पुढच्या महिन्यात ह्यांच्या ऑफिसच्या पिशवीतून फायलींच्या मधून एक कोरा करकरीत अंक निघाला. रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणला होता. "पद्मासाठी," ते म्हणाले. पद्माच्या आधी त्यांनीच तो वाचून काढला होता, पानांच्या कडेला शाईचा अंगठा होता.

असं सगळं बरं चाललं होतं, मामय्या. मग तुमची छाती.

डॉक्टरांनी मागावर बसायचं बंद केलं. तुम्ही मागाशेजारी खाटेवर पडून राहायचात. मी माग चालवायला लागले. तुम्ही तिथून "हात हलका ठेव, हलका" करत राहायचात, आणि वाचायचं काम आता पद्माकडे आलं. ती पहिलीत. एकेक अक्षर जोडून वाचायची. 'प्रा-णा-ला मु-क-शी-ल' म्हणेपर्यंत नराधम पळून जायचा. तुम्ही धीर धरून ऐकायचात.

तेव्हाच तो अंक आला. शेवटच्या पानावर चौकट होती, पुढील अंकात वादळस्वार आणि सुनयना यांचा विवाह! सुनयना म्हणजे तीच, गेली सगळी वर्षं खिडकीत उभी राहून त्याची वाट बघणारी. तुम्ही उठून बसलात. बोलवून आणल्यासारखा खोकला आला, तरी हसत होता. "बग! मी म्हंत न्हवतो? कदी तरी करनारच!"

मी म्हणाले, "करू नये त्यानं."

तुम्हाला हे सहन झालं नाही. "का म्हून?"

"तो जाईल घोड्यावर बसून. तिनं गुहेत बसून काय करायचं? आत्तापर्यंत खिडकीत वाट बघत होती, आता गुहेच्या दारात बघेल. निदान खिडकीतून रस्ता तरी दिसत होता."

तुम्ही परत आडवे झालात. मला वाटलं, दमलात. मग म्हणालात, "तसं न्हवं. माणूस दिवसभर मुकवटा घालून हिंडतंय. घरी आल्यावर काडायला नको का? ज्येच्यापुडं काडता येतोय असं येक तरी माणूस लागतंय की घरात."

"आणि तिनं?" मी विचारलं. "तिनं कुणापुढं काढायचा?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. डोक्यापासून पायापर्यंत, मागावर बसलेल्या, पदर कमरेला खोचलेल्या सुनेकडं. "उद्या सांगतो," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला धाप लागली. दवाखान्यात नेलं. तिथं नाकाला नळी होती, बोलणं होत नव्हतं. ह्यांनी तुमचा हात धरला होता, मी पायाशी. तिथून तुम्ही घरी आलात ते खांद्यावर.

काय सांगणार होता तुम्ही मला? मी रोज मागावर बसले की तुमच्या बाजूनं एक उत्तर तयार करते आणि माझ्या बाजूनं ते खोडून काढते. कधी वाटतं, तुम्ही म्हणणार होता, तुझं बरोबर आहे. पण असं तुम्ही आयुष्यात एकदाही म्हणाला नाहीत, मग त्याच दिवशी कशाला म्हणाला असता? आणि मीही तुम्हाला एक सांगायचं राहिलं. बार्शीहून आलेल्या त्या मुलीला तुम्ही विचारलंत, "तुला वाचता येतंय म्हणं", त्या दिवशी ती रात्रीच्या गाडीनं परत जायचं मनात ठरवून बसली होती. एवढ्या वर्षांत हे तुमच्या मुलालाही ठाऊक नाही. आता सांगून झालं.

विवाहाचा अंक तुम्ही गेल्यावर आला. ह्यांनी तो पिशवीतून काढला आणि मागावर ठेवला. तिथं तो बरेच दिवस पडून होता. कुणी हात लावेना. पद्मासुद्धा लांबून बघायची.

आज दुपारी मी विणत होते. अत्तम्मा कधी नव्हे त्या बाहेरच्या खोलीत आल्या, तुमच्या खाटेवर बसल्या. तुम्ही गेल्यापासून त्या फारसं बोलत नाहीत, तुम्हाला माहीतच असेल. मागावरचं पुस्तक त्यांनी उचललं आणि माझ्याकडं सरकवलं. "वाच," म्हणाल्या. "तोंडझाक्याचं काय झालं ते तरी कळू दे."

मी माग थांबवला आणि वाचलं. सगळं वाचलं, मोठ्यांदा. लग्न झालं, मामय्या. तुम्ही जिंकलात. गुहेत झालं. सुनयनेच्या केसांत फुलं होती, काजळच्या गळ्यात हार होता, एक दाढीवाला पुरोहित होता. आणि शेवटच्या चित्रात तो पाठमोरा उभा राहून मुखवटा काढतो. आपल्याला चेहरा दिसत नाही, तिला दिसतो. ती हसतेय.

अत्तम्मांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ आणलं. मग पान उलटून मागचं बघितलं, पुढचं बघितलं.

"मुलीकडचे कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही आलेलं."

"मुलाकडचे?"

"त्याला कोण आहे, अत्तम्मा? घोडा आहे."

"अगंबाई," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "एवढी वर्षं ओळखीचा माणूस. लग्नाला चार माणसं नाहीत, हळद नाही, जेवणावळ नाही. आधी कळवलं असतं तर आपण गेलो असतो की!"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या गंभीरच होत्या. पुस्तक मांडीवर ठेवून, त्यावरून हात फिरवत पुढं म्हणाल्या, "हे असते तर आदल्या दिवशीच जाऊन बसले असते. आणि त्या भटजीला सांगत बसले असते, तुमचं चुकतंय म्हणून."

आणि मग त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. मीही सुटले. दोघी हसत होतो, डोळे पुसत होतो आणि परत हसत होतो. नरसम्मा धावत दारात आल्या, म्हणाल्या, "अगं काय झालं?" अत्तम्मांनी पदरानं तोंड पुसलं, खाटेवर थोडं सरकून त्यांना जागा केली आणि म्हणाल्या, "बस. आमच्याकडचं लग्न झालं."